गिऱ्हाईक बोललं खूप, पण त्याला करायचं काय होतं?

कोल्हापुरातल्या एखाद्या बचत गटाला आपली कांदा-लसूण चटणी जास्त खपवायची आहे आणि त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइकांच्या मुलाखती घेतल्या, असं धरून चालू. बाराजणांशी अर्धा-अर्धा तास बोलणं झालं, मोबाइलवर रेकॉर्ड झालं, कुणीतरी चिकाटीनं ते कागदावरही उतरवलं. आता या कागदांचं काय करायचं? बहुतेक ठिकाणी पुढची पायरी म्हणजे मोजणी. ‘दर जास्त वाटतो’ सात, ‘छोटं पाकीट काढा’ पाच, ‘तिखट कमी करा’ चार. जे जास्त वेळा आलं ते आधी करायचं. मग दर थोडा उतरतो, शंभर ग्रॅमचं पाकीट निघतं आणि दिवाळीनंतर हिशेब मांडला की खप होता तिथंच.

बेरीज बरोबर असते. पण ती मतांची बेरीज असते. मुलाखतीतून शोधायचं असतं ते गिऱ्हाइकाचं काम: तो कुठल्या अडचणीत होता, तिथून त्याला कुठं पोचायचं होतं आणि त्यासाठी त्यानं नेमकी हीच वस्तू का हाताशी धरली. मत विचारलं की लगेच मिळतं. काम असं आयतं मिळत नाही, ते बोलण्यातून वेचून काढावं लागतं. या लेखात त्या वेचणीबद्दलच सांगायचं आहे.

ही विचारपद्धत जगभर पोचली ती हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांच्यामुळे. त्यांचा मिल्कशेकचा किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगून सांगून गुळगुळीत झालाय, तरी ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एका फास्टफूड साखळीला मिल्कशेकचा खप वाढवायचा होता. गिऱ्हाइकांना विचारून, ते म्हणाले तशा सुधारणा केल्या. खप हलला नाही. मग एका संशोधकानं दुकानात उभं राहून कोण काय नेतं ते नुसतं पाहिलं. जवळपास निम्मे मिल्कशेक भल्या सकाळी जात होते. घेणारा एकटा असायचा, दुसरं काही घेत नसे आणि गाडीत बसून निघून जाई. या लोकांना ऑफिसपर्यंतचा लांबलचक, कंटाळवाणा रस्ता काढायचा होता आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पोटाला आधारही हवा होता. म्हणजे या मिल्कशेकची स्पर्धा केळ्याशी आणि डोनटशी होती. 2005 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ख्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा किस्सा मांडला आणि तो सगळीकडे गेला.

मतांवर फार विसंबू नये, याचा पुरावा त्याहून जुना आहे. 1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाची हकीकत छापली. एका दुकानात नायलॉनच्या स्टॉकिंग्जचे चार जोड ओळीनं मांडले आणि लोकांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? चारही जोड अगदी सारखे होते. तरी सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. का निवडला म्हणून विचारल्यावर लोकांनी कारणं दिली, पण मांडलेल्या जागेचं नाव एकानंही काढलं नाही. जागेमुळे तर नसेल ना, असं सरळ विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. आपल्या कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमध्येही, म्हणजे चपलांच्या बाजारात, कुणाला ‘हाच जोड का घेतला’ म्हणून विचारून बघा. चामडं, शिलाई, वेणी, सगळ्यावर तो पाच मिनिटं बोलेल. खोटं बोलत नसेल, पण त्यातली निम्मी कारणं तुम्ही विचारल्यावर तयार झालेली असतील.

म्हणून ‘तुम्हाला काय हवंय’ आणि ‘का घेतलं’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून घडलेला प्रसंग विचारायचा. शेवटची बरणी कधी घेतली? त्या दिवशी घरात काय चाललं होतं? त्याआधी काय वापरत होता? जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये प्रसंगावर आधारित मुलाखतीची पद्धत लिहून काढली. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या कामात आहेत. वैमानिक चांगला कसा असावा, यावर भाषण ऐकण्यापेक्षा अमुक उड्डाणात नेमकं काय झालं ते ऐकावं, हा तिचा गाभा. प्रसंगही माणूस विसरतो, रंगवून सांगतो, हे खरंच. म्हणून शक्यतो गेल्या दोन-तीन महिन्यांतलीच खरेदी घ्यावी.

एक मुलाखत, ओळीनं वाचून

खालचा तुकडा नमुन्यासाठी रचलेला आहे. राजारामपुरीतल्या साठीच्या काकी आणि गटातली एक तरुण मुलगी.

— काकी, शेवटची बरणी कधी नेली तुम्ही?

— गणपती झाल्यावर. पोरगा आलेला की सुट्टीला. जाताना द्यायची म्हणून.

— यंदा घरची नव्हती का केली?

— केली की! पण आमच्यापुरती. सासूबाई होत्या तवर धा-धा किलोची करायचो. आता मिरच्या वाळवा, देठं काढा, भाजा, डंकावर जाऊन नंबर लावून बसा… गुडघे ऐकत न्हाईत बाई. मे म्हैन्यातच कळलेलं, पोराला पुरायची न्हाई म्हणून.

— मग त्याला पुण्यात नाही का मिळत?

— एकदा घेतली त्यानं. फोन करून म्हणतोय, आई, नुसता रंग हाय, चव न्हाई. मग मी जावेला म्हटलं, तुझ्यातली देतीस का थोडी. तिनं दिली, पण किती वेळा मागायचं?

— आमची कशी वाटली?

— चांगली हाय, एक नंबर. जरा महाग वाटली बघ.

— पोरगा काय म्हणाला?

— त्याला कुठं सांगितलंय विकतची हाय म्हणून! घरच्या डब्यात भरून दिली.

पहिल्या वाचनात बहुतेकांची पेन्सिल ‘जरा महाग वाटली’ या वाक्याखाली जाते, कारण तेच वाक्य थेट आपल्याबद्दल आहे. पण काकींनी बरणी घेतली होती. बोलणं एकीकडे आणि कृती दुसरीकडे असेल तर कृतीचं वजन जास्त धरायचं. ‘एक नंबर’ तर सरळ खोडून टाकायचं. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही, त्यातून घरी आलेल्या मुलीला तर नाहीच. कौतुक ऐकायला गोड लागतं, पण त्यातून कळत काहीच नाही.

आता उरलेल्या ओळी पाहा. ख्रिस्टेन्सन यांच्याबरोबर काम केलेल्या बॉब मोएस्टा यांनी खरेदीच्या प्रसंगात चार जोर शोधायला सांगितले आहेत. जुन्या परिस्थितीतून बाहेर ढकलणारा, नव्याकडे ओढणारा, नव्याची धास्ती आणि जुन्याची सवय. पहिले दोन मिळून मागच्या दोनांवर भारी पडले तरच माणूस जागचा हलतो. काकींना ढकललं ते गुडघ्यांनी, डंकावरच्या, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवरच्या, नंबरानं आणि जावेपुढे पुन्हा पुन्हा हात पसरायच्या संकोचानं. सवय अजून घट्ट आहे. आपल्यापुरती चटणी त्या घरीच करतात. ओढ कशाची होती, ते या तुकड्यात आलेलंच नाही. पुण्यातल्या दुकानातली नको आणि हीच का, हे मुलीनं विचारायला हवं होतं. वास घेऊन पाहिला का, कुणी सांगितलं का, मिरची कुठली ते विचारलं का? आपल्याला पटेल ते उत्तर तिथं घुसडू नये. रकाना रिकामा ठेवावा आणि काकींना पुन्हा फोन करावा.

धास्ती मात्र शेवटच्या ओळीत उघडी पडली आहे. पोरानं ओळखलं तर? म्हणून डबा बदलला. माझ्या मते अख्ख्या मुलाखतीत सगळ्यात किमती वाक्य हेच. गट एकीकडे बरणीवर झकपक लेबल लावायचा, रंकाळ्याचं चित्र छापायचा विचार करत असेल आणि दुसरीकडे या गिऱ्हाइकाला ते लेबल घरी गेल्या गेल्या लपवायचं आहे.

आणखी एक गोष्ट तारखांत आहे. अडचण कळली मे महिन्यात, बरणी घेतली गणपतीनंतर. मधल्या काळात काकींनी दोन उपाय करून पाहिले, पुण्यातली चटणी आणि जाऊ. गटाचे खरे प्रतिस्पर्धी हेच आहेत. मुलाखत नीट वाचली तर प्रतिस्पर्ध्यांची यादी आपोआप हाती येते आणि ती बहुतेक वेळा आपल्या डोक्यातल्या यादीहून वेगळी निघते. शेजारणीला मजुरी देऊन चटणी करून घेणं, हाही त्यातलाच एक प्रतिस्पर्धी. कोल्हापुरात तो सगळ्यात तगडा असू शकेल.

एवढं झालं की काम एका वाक्यात लिहायचं. काकींचं असं होईल: ‘स्वतःला राबणं झेपेना झालंय, तरी पुण्यातल्या पोराला वर्षभर घरची चटणी पुरवायची आहे, आणि ती आईच्या हातचीच वाटायला हवी, कुणापुढे हात न पसरता.’ या वाक्यात बरणी नाही, ब्रँड नाही, ग्रॅम नाहीत. वस्तूचं नाव काढून टाकलं की वाक्य कोसळत असेल तर ते काम नव्हे, आपलीच जाहिरात आहे.

वाक्य किती उंचीवर लिहायचं, इथं नवखे हमखास अडखळतात. ‘काकींना अर्धा किलो चटणी घ्यायची आहे’ हे फार खालचं झालं. त्यातून पाकिटाच्या आकारापलीकडे काही सुचणार नाही. ‘काकींना मुलावरची माया दाखवायची आहे’ हे फार वरचं झालं. खरं असलं तरी त्याला चटणी लागते, स्वेटर लागतो आणि रोजचा फोनही लागतो. वाक्य फार खाली वाटलं तर ‘हे कशासाठी?’ विचारून एक पायरी चढायचं, फार वर वाटलं तर ‘हे कसं साधलं?’ विचारून उतरायचं. काकींनी करून पाहिलेले सगळे उपाय ज्या वाक्यात बसतात आणि त्यांनी न केलेले भलतेसलते उपाय ज्यात बसत नाहीत, ती उंची बरोबर.

बारा मुलाखतींचे गठ्ठे

एकेक मुलाखत अशी वाचली की मग त्या एकत्र ठेवायच्या. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची केजे पद्धत यासाठी अजूनही सगळ्यात सरळ आहे. प्रत्येक महत्त्वाचं वाक्य, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, एकेका चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या सतरंजीवर पसरायच्या आणि एकमेकींजवळ जाव्याशा वाटतात त्या जवळ सरकवायच्या. गठ्ठ्याला नाव शेवटी द्यायचं. आधीच ‘दर’, ‘चव’, ‘पॅकिंग’ असे रकाने आखून चिठ्ठ्या त्यांत टाकायला लागलात तर निघणार तेच, जे तुम्हाला आधीपासून माहीत होतं.

गठ्ठे परिस्थितीवरून पाडावेत. वय, पेठ, उत्पन्न यांवरून पाडू नयेत. राजारामपुरीतल्या काकी आणि कागलकडचा एखादा पस्तिशीतला शेतकरी कागदावर फार वेगळे दिसतील, पण शेतकऱ्याची बहीण मुंबईला असेल आणि आई थकली असेल तर दोघांचं काम एकच. उलट एकाच सोसायटीतल्या दोन बायकांची कामं निराळी निघू शकतात.

याचा उपयोग कुठं होतो ते ‘तिखट कमी करा’ म्हणणाऱ्या चौघांकडे पाहिलं की कळतं. समजा, त्यातला एकजण अंबाबाईच्या देवळाजवळ खानावळ चालवतो. बाहेरगावच्या भाविकांनी ताट अर्धवट टाकू नये, पण तांबडा रस्सा तांबडाच दिसावा, हे त्याचं काम. त्याला जहाल लवंगी मिरचीचं प्रमाण उतरवून ब्याडगी मिरची वाढवलेली चटणी हवी. ब्याडगी रंग देते, जाळ कमी. दुसरी आहे हिंजवडीत राहणारी सून, जिला रविवारी ऑफिसच्या अमराठी मंडळींना घरी बोलावून ‘आमच्याकडचं’ जेवण घालायचंय आणि पहिल्यांदाच रस्सा करायचाय. तिची भीती प्रमाणाची आहे. किती माणसांना किती चमचे, हे बरणीवर लिहिलं तरी तिचं भागेल, चटणीला हात लावायची गरज नाही. तिसरीचा नातू आताच जेवायला शिकलाय. चौथ्यानं फक्त विचारलं म्हणून काहीतरी सांगितलं. मोजणीत हे चार मिळून एक आकडा होतो आणि त्या आकड्यावर विसंबून चटणी सौम्य केली तर काकींचा पोरगा पुन्हा म्हणणार, नुसता रंग हाय.

कारखानदारीतही हेच चालतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीवाल्याला विचारा, मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी काय मागतो. ‘दर कमी करा’, दुसरं काही नाही, असं उत्तर येईल. पण त्याच अधिकाऱ्याला शेवटचा पुरवठादार का बदलला ते विचारलं तर मशीनिंगला गेल्यावर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघालेल्या, लाइन थांबलेली आणि साहेबांचा फोन आलेला, असा प्रसंग बाहेर येतो. त्याला कास्टिंग घ्यायचं आहे हे उघडच, शिवाय आपल्यावर बोट येऊ नये हेही साधायचं आहे. दुसरी गोष्ट तो कोटेशनमध्ये कधीच लिहिणार नाही.

किती मुलाखती पुरतात, हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर यांनी 1993 मध्ये दाखवलं की साधारण एकसारख्या गिऱ्हाइकांच्या गटात 20 ते 30 मुलाखतींत सुमारे 90 टक्के गरजा कानावर येऊन जातात. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये घाना आणि नायजेरियातल्या 60 मुलाखती तपासल्या. पहिल्या 12 मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते आणि ठळक मुद्दे तर पहिल्या सहात. दोन्हींतली अट विसरू नका: गट एकसारखा हवा. घरगुती गिऱ्हाईक आणि खानावळवाले मिळून बारा घेतले तर ते बारा नव्हेत, दोन अर्धवट गठ्ठे आहेत. व्यवहारात मी एवढंच पाहीन, की सलग तीन-चार मुलाखतींत नवा गठ्ठा पडला नाही, तर थांबायला हरकत नाही.

चिठ्ठ्या लावताना दोघांनी वेगवेगळं बसून लावाव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं भांडावं, भांडण कामाचं असतं. आणि एकाही गठ्ठ्यात न बसणारी चिठ्ठी टाकून देऊ नये. ती वेगळी ठेवावी, कारण पुढच्या खेपेला तिला जोडीदार मिळू शकतो.

हल्ली हे सगळं एआयकडून करून घेता येतं. रेकॉर्डिंग टाकलं की मिनिटभरात मुद्देसूद सारांश हातात. उतरवून घ्यायला ही सोय उत्तम आहे, जरी ‘पुरायची न्हाई’चं ती काय करेल सांगता येत नाही, म्हणून मूळ आवाजाशी ताडून पाहावं. पण सारांशावर समाधान मानू नये. काकींच्या मुलाखतीचा सारांश बहुधा असा येईल: ‘ग्राहक चवीबाबत समाधानी, किमतीबाबत किंचित नाराज.’ यात डबा नाही, जाऊ नाही, मे महिना नाही. कामाची होती ती तीनही वाक्यं सारांश करतानाच गळाली.

वाचून निघालेलं काम अजून अंदाजच असतं, कारण बारा लोकांवरून बाजार ठरत नाही. काकींच्या वाक्यावरून गटाला सुचेल ते असं: बिनलेबलाची साधी पिशवी, आपल्या पसंतीनं संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती ते सांगायची मुभा, हवं तर मिरची तुमची आणि राबणं आमचं अशी मजुरी, आणि हे विचारायचं ते मार्चपासून, मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत, गणपतीत नाही. यावर ‘तुम्हाला आवडेल का?’ असं लोकांना विचारलं तर सगळे पुन्हा ‘एक नंबर’ म्हणतील. त्याऐवजी आगाऊ नोंदणी घ्यावी, किलोमागे थोडे पैसे आधी भरायला सांगावेत आणि कोण भरतं, कोण ‘बघू की नंतर’ म्हणतं, ते लिहून ठेवावं. ‘नंतर’ म्हणणाऱ्यांकडे जूनमध्ये पुन्हा जाऊन विचारायचं, मग यंदा चटणीचं कसं केलंत?